मार्सेल पाहिलेला माणूस

बाजाराला जाऊन मीठ विसरून येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण बायकोने "मीठ कुठं हाय?" असं विचारल्यावर, "पाह्यलं ना. लय चांगलं होतं. खडे असे, गारांसारखे," असं समाधानानं सांगणारा माणूस एकच पाहिला. ते माझे घरमालक. रिठदच्या शाळेत मी साडेचार वर्षं मास्तरकी केली, त्यातली पहिली चार त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत काढली. आता त्यांना जाऊन बराच काळ लोटला, मीही म्हातारा झालो. पण आजही कुठल्या नव्या गावी उतरलो की पिशवी ठेवल्याबरोबर पाय आपोआप बाहेर वळतात. ही सवय त्यांची.

गावात त्यांना सगळे जमादार म्हणत. जमादार ते कधीच नव्हते. पहिल्या मोठ्या लढाईत, जिला गावाकडं जर्मनची लढाई म्हणत, ते फौजेची खेचरं हाकायला गेले होते आणि खेचरंच हाकून परत आले. परत आले तेव्हा अंगावर पितळी बटणांचा खाकी कोट होता. तो कोट पाहून कुणीतरी जमादार म्हटलं, ते चिकटलं. "म्या कोनाले सांगतलं नव्हतं असं म्हना म्हून," ते म्हणायचे. "पन नाई बी नाई म्हटलं."

मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी, आणि मनात धाकधूक. परगावच्या माणसाला खोली देताना लोक जात विचारतात, लग्न झालंय का विचारतात, चूल मांडणार की खानावळ, ते विचारतात. या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग आभाळाकडं पाहिलं.

"मास्तर, सामान ठेवा अन् चाला. उजेड हाय तवर गाव पाहून घ्या."

"उद्या पाहतो की. आज जरा दमलोय."

"उद्या तुमी अथचे होऊन जासान. मंग काय पाहासान? पाहाचं असन तं पहिल्याच दिवशी पाहा लागते."

त्यांनी खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, हात पाठीमागं बांधले आणि निघाले. मी मागोमाग. रिठद म्हणजे काही मोठं गाव नाही. चारदोन बरी घरं, बाकी मातीची, एक मारुती, एक मोठी विहीर, भोवती ज्वारी-कपाशीची काळी रानं. पण त्या संध्याकाळी जमादारांनी मला ते असं दाखवलं की जणू मी सात समुद्र ओलांडून तेवढ्यासाठीच आलो होतो. विहिरीपाशी थांबवून काठाच्या दगडांवर दोरांनी पडलेल्या खाचा मोजायला लावल्या. कुंभाराच्या आव्याभोवती फिरवलं. एका लिंबावर मधमाश्यांची पाच पोळी होती, त्यांच्याखाली मान वर करून उभं केलं. तेल्याच्या घाण्यापाशी डोळ्यांवर झापडं बांधलेला बैल गोल फिरत होता. त्याच्याकडं बोट करून म्हणाले, "हा बैल दिवसभरात वाशीमले जाऊन परत येईन इतला चालते. अन् कायच पाहत नाई. शिकेल लोक बी पुष्कळ असेच रायते. राग नका मानू."

मी राग मानला नाही, पण मनात खूणगाठ बांधली की हा माणूस जरा वेगळा आहे.

शेवटी गावाबाहेरच्या तलावावर नेलं. तलाव कसला, म्हशी बसायचं डबकं ते. पण त्याला तीन बाजूंनी जुनी दगडी पाळ होती आणि चौथी बाजू मोकळी. तिथं उभं राहून ते म्हणाले, "हे जुनं बंदर."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण दुसऱ्या दिवशी शाळेत एका पोरानं उशीर का झाला याचं कारण सांगितलं, "गुरुजी, म्हशी बंदरावर नेल्या होत्या." हळूहळू कळलं, सगळं गावच त्या डबक्याला बंदर म्हणतं. मारुतीकडं चढत जाणाऱ्या पायऱ्यांच्या बोळीला "वरचं मार्सेल" म्हणतं. ही नावं जमादारांनी ठेवलेली, आणि ती वापरणाऱ्या निम्म्या लोकांना मार्सेल हे माणसाचं नाव की देवाचं, हेही ठाऊक नव्हतं.

मार्सेल हे फ्रान्सचं बंदर. हिंदुस्थानातून गेलेली फौज, तिची खेचरं, तिचं पीठ-डाळ, सगळं तिथं उतरे. जमादारांना त्यांच्या तुकडीबरोबर पुढं उत्तरेला लढाईच्या बाजूला जायचं होतं. पण गोदीत खेचरं उतरवताना एकानं त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा साखळीत चेचला. तुकडी पुढं गेली, हे मागं राहिले. मग त्यांना हलकं काम मिळालं. छावणी शहराबाहेर होती, कचेरी गोदीत. रोज सकाळी कागदांची पिशवी गोदीत पोचवायची, दुपारी उलट टपाल घेऊन छावणीत यायचं. चालत.

"रोजचा रस्ता सरळ होता," ते सांगायचे. "समुद्राच्या काठाकाठानं. पन म्या ठरवलं, रोज येगळ्या गल्लीनं जाचं. साहेब म्हने, उशीर काहून होते? म्या म्हटलं, साहेब, अंगठा दुखते."

"अंगठा दुखल्यानं चालायला उशीर होतो?"

"साहेबानं बी हेच इचारलं."

दीड वर्ष त्यांनी ते शहर असं गल्ली-गल्लीनं पाहिलं. लिहिता येत नव्हतं, तिथली भाषा येत नव्हती, बरोबर कुणी नव्हतं. जे पाहिलं ते डोळ्यांत भरून आणलं. आणि बारा-तेरा वर्षांनीही ते सांगायला बसले की ओसरीवरची माणसं तंबाखू मळायची विसरत.

"बंदर कसं, मास्तर? आपला गोठा असते ना तीन अंगानं बंद, तसं. मधात पानी. अन् त्या पान्यात डोलकाठ्या इतल्या, का ज्वारी कापाच्या आधी वावर दिसते तसं. बंदराच्या तोंडाशी दोन अंगाले दोन किल्ले, समोरासमोर. अन् मासे इकनाऱ्या बाया काठावर. एक एक आवाज असा, का आपल्या रिसोडच्या बाजारातल्या बाया मुक्या वाटतीन. एकीनं मले मासा दाखवला. म्या म्हटलं, बाई, मी माळकरी. तिले काय समजलं कोन जाने, तिनं मले लिंबू देल्लं."

मग टेकडीवरचं देऊळ यायचं. तिथल्या लोकांच्या आईचं, येशूच्या आईचं. शिखरावर तिची सोन्यानं मढवलेली मूर्ती, कडेवर मूल, उभ्या शहरातून कुठूनही दिसणारी. "आत गेलो तं छताले जहाजं टांगलेले. खरे नाई, हातभराचे, लाकडाचे. इचार केला, हे काय हाय? मंग समजलं. जे तुफानातून वाचले त्यायनं नवस फेडला. आपुन देवीले पाळने बांधतो का नाई? तसंच. तेव्हा मले लय बरं वाटलं. म्हटलं, अथी बी आपल्यासारखेच लोक हायेत, फकस्त पाळना होडीचा करते."

आणि सगळ्यात शेवटी, ऐकणाऱ्यांची उत्सुकता पुरती ताणून झाल्यावर, हवेतला पूल. बंदराच्या तोंडाशी दोन काठांवर लोखंडाचे दोन उंच मनोरे. त्यांच्यावर आडवा लोखंडी सांगाडा. पण त्यावरून कुणी चालत नाही. त्या सांगाड्याला खाली दोरखंडांनी एक खोली टांगलेली. तीत माणसं, घोडे, गाड्या उभ्या राहतात आणि खोली पाण्यावरून तरंगत या काठाची त्या काठाला जाते. खालून जहाज गेलं तर जाऊ द्या, अडचण नाही.

"तुम्ही बसलात त्यात?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"सतरा येळा. पैल्या येळी डोये मिटले. मंग सोताचीच लाज वाटली. म्हटलं, अबे, इतल्या दूर येऊन डोये मिटतं?"

बाजारातून ते मीठ आणत नसत याचं कारणही हेच होतं. रिसोडच्या बाजाराला ते दर आठवड्याला पायी जात, कोट घालून. बाजार ही त्यांच्या मते पाहायची गोष्ट होती. मिरच्यांचे ढीग, भांडी ठोकणारे, बैलांचे दात उघडून पाहणारे दलाल, पाटीखाली झोपलेलं एखादं तान्हं. घरी येऊन हे सगळं इतकं रंगून सांगत की पिशवी रिकामी आहे हे सांगता सांगता राहून जाई. काकू, म्हणजे त्यांची बायको, मग शेजारून मूठभर मीठ मागून आणायच्या. त्यांनी कधी आदळआपट केली नाही. दोन्ही मुली लहानपणीच चांगल्या घरी दिलेल्या, शेत वाट्यानं लावलेलं, गोठ्यात दोन म्हशी. घर सुखाचं होतं. आम्ही तिघं दुपारी एका पंगतीला असलो की काकू भाकरी थापताना जमादारांची थट्टा करायच्या आणि जमादार ती खाली मान घालून ऐकायचे.

एकच गोष्ट मला खटकायची. ओसरीवर मार्सेल सुरू झालं की दाराआड बसलेल्या काकू उठायच्या. हातात तांदूळ निवडायचं सूप असलं तरी ते घेऊन उठायच्या आणि गोठ्यात जायच्या. गोष्ट संपली की परत. पहिल्यांदा वाटलं, ऐकून ऐकून कंटाळल्या असतील. पण कंटाळलेलं माणूस बसून जांभया देतं. या उठून जायच्या. आणि जमादार, गोष्ट कितीही रंगात असली तरी, त्या उठल्या की क्षणभर अडखळायचे.

माझ्या तिसऱ्या वर्षी शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. विलायतेला जाऊन शिकून आलेले, बोलायला सौम्य, कपडे परीटघडीचे. सकाळी शाळा तपासून झाली. गावात खुर्च्या असलेलं घर जमादारांचंच, तेव्हा चहा तिथं ठेवला. पाटील आले, चारपाच शिष्ट मंडळी आली. कुणीतरी हौसेनं म्हणालं, "साहेब, आमचे जमादार बी समुद्रापार जाऊन आले. मार्सेलले. तथीच खेचरानं अंगठा चेचला यायचा."

"अरे वा," साहेब म्हणाले. "मीही जाताना मार्सेल्सलाच उतरलो होतो."

जमादारांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तेरा वर्षांत त्यांना ते शहर पाहिलेला दुसरा माणूस भेटला नव्हता. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून साहेबांच्या अगदी जवळ बसले.

"तुमी पाह्यलं, साहेब? सोन्याची माय पाह्यली? कडेवर लेकरू?"

"असेल. माझ्या काही लक्षात नाही."

"अन् हवेतला पूल? बंदराच्या तोंडाशी? खोली टांगलेली?"

साहेबांनी नीट समजावून घेतलं. खोली, दोरखंड, घोडे, गाड्या. मग हसले. "जमादार, पुलावरून माणसं जातात. पुलाला माणसं टांगत नाहीत. खेचरानं नुसता अंगठाच चेचला की डोकंही?"

सगळे हसले. तेरा वर्षं त्या पुलाची गोष्ट तोंड उघडं टाकून ऐकणारे सगळ्यात मोठ्यानं हसले. पाटलांना तर ठसका लागला. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. शाळेचा शेरा अजून लिहायचा होता, आणि माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. ते गप्प बसणं मला आजही सलतं.

जमादार सगळ्यांकडं एकदा पाहून म्हणाले, "नसन, साहेब. आता लय वर्सं झाले. मलेच तसं वाटत असन."

इतक्या सहज त्यांनी ते सोडून दिलं.

तेवढ्यात आतलं दार वाजलं. काकू बाहेर आल्या. पुरुष मंडळी बसली असताना त्या कधी उंबऱ्याबाहेर येत नसत. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या सरळ साहेबांपर्यंत आल्या आणि चहाच्या पितळी ताटात, कपांच्या मधे, एक कार्ड ठेवलं.

"साहेब, हे पाहा."

चित्राचं कार्ड होतं, पिवळं पडलेलं. साहेबांनी चष्मा सरसावला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पाण्यावर होड्या, मागं दोन लोखंडी मनोरे, वर आडवा सांगाडा, आणि त्याच्याखाली, अगदी स्पष्ट, दोरखंडांना लोंबणारी खोली. तीत उभी असलेली ठिपक्याएवढी माणसंसुद्धा दिसत होती. खाली परक्या अक्षरांत शहराचं नाव.

साहेब माणूस खरा होता, एवढं म्हटलं पाहिजे. ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "जमादार, चुकलो. मी आगबोटीतून उतरलो आणि तासाभरात आगगाडीत बसलो. मी मार्सेल्स पाहिलंच नाही. तुम्ही पाहिलंत."

पण जमादारांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते त्या कार्डाकडं पाहत होते. कार्डाचा एक कोपरा नव्हता.

"हे तुह्यापाशी हाय?" ते बायकोला म्हणाले. "अजून?"

काकूंनी कार्ड उचललं आणि आत गेल्या.

मंडळी पांगल्यावर मी खोलीत न जाता ओसरीवरच बसलो. जमादार खांबाला टेकून बसले होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली. ही गोष्ट त्यांनी गावात कधी सांगितली नव्हती, कारण गावाला ती माहीत होती. नव्हती ती मला.

लढाईवर जाताना ते घरी सांगून गेले नव्हते. बापाशी भांडण झालं, घोडी विकण्यावरून. रागानं अकोल्याला गेले, तिथं फौजेसाठी जनावरांची माहिती असलेली माणसं घेत होते, त्यात शिरले. एका व्यापाऱ्याबरोबर घरी निरोप धाडला आणि जहाजात बसले. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बायको सोळा वर्षांची.

"मार्सेलले गेल्यावर वाटलं, हिले काहीतरी धाडावं. दुकानात हे कार्ड पाह्यलं. आमच्या कचेरीतल्या बाबूकडून पत्ता लिव्हून घेतला. तो म्हने मजकूर सांग. म्या म्हटलं, मजकूर कायले पाह्यजे? चित्र हाय ना. हे पाहीन अन् समजन, का मी अथी हाय, खुशाल हाय. कार्ड खिशात ठेवलं. खेचराले दाना टाकाले वाकलो, तं त्यानं कार्डाचा कोपरा खाल्ला. म्या म्हटलं, कोपराच गेला, चित्र तं साबूत हाय. टाकलं टपालात."

ते थांबले. पुढचं मला समजलं. आपल्याकडं कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. त्यात मजकूर वाचायचीही गरज नसते.

पुढचं काकूंनी सांगितलं. त्या केव्हा दारात येऊन बसल्या ते आम्हाला कळलं नव्हतं.

"टपालवाला रिसोडवरून आला. पाटलानं कार्ड उलटंपालटं करून पाह्यलं. लिव्हलेलं कायच नाई अन् कोपरा फाटेल. माह्या सासूनं तथीच हंबरडा फोडला. तेरावं झालं. गाव जेवलं. माह्या बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं. कोनी एकानं असं म्हटलं नाई, का बाई, चित्र तं पाहा."

"तू पाह्यलं?" जमादारांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलं नसावं.

"मंग? तसलं कार्ड फाडून टाका लागते म्हने. म्या ते कनगीत लपवलं. दुपारी समदे वावरात गेले का काढून पाहो. अकरा महिने पाह्यलं. त्यात पुढच्या अंगाले सात होड्या हायेत. डाव्या बाजूले एक बाई टोपलं घेऊन चालली. अन् काठावर एक मानूस बसला हाय, पाठमोरा. मले वाटे, हेच हायेत ते."

"त्यात मी नाई," जमादार हळूच म्हणाले.

"मले ठाऊक हाय. पन तवा वाटे."

अकरा महिन्यांनी एका भर दुपारी खाकी कोट घालून ते अंगणात उभे राहिले. आई किंचाळून बेशुद्ध पडली. तेरावं झालेला माणूस घरात घ्यावा कसा, यावर गावात आठ दिवस खल झाला. तोवर ते गोठ्यात राहिले. शेवटी रिसोडच्या एका वृद्ध भटजींनी पोथीतून तोड काढली. असा माणूस पुन्हा जन्मला असं धरायचं. तेव्हा तीस वर्षांच्या जमादारांच्या अंगाला तूप चोळून त्यांना अंघोळ घातली, पाळण्याला हात लावून त्यांचं बारसं केलं, कानात नाव सांगितलं, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावलं.

"दोनदा लगन झालं माहं," जमादार म्हणाले, "एकाच बायकोसंगं." ते हसायला लागले आणि काकूही हसल्या. मग काकू म्हणाल्या, "दुसऱ्या लग्नात अंतरपाट धरला. भटजी म्हने, घाल हार. म्या हार हातातच ठेवला. मनात म्हटलं, थांबू द्या यायले थोडं. मी तं अकरा महिने थांबली."

"लय येळ थांबवलं इनं," जमादार म्हणाले. "मी आपला मान पुढं करून तसाच उभा."

मी धीर करून विचारलं, "काकू, मग ते मार्सेलचं सांगायला लागले की तुम्ही उठून का जाता?"

"गोठ्यात समदं आयकू येते, मास्तर. मले आयकाचा कंटाळा नाई. पन त्या गोष्टीत पूल हाय, देऊळ हाय, मासेवाली हाय, खेचर बी हाय. मी कुठंच नाई. म्हून बसवत नाई मले तथी."

त्या दिवसापासून ओसरीवरची गोष्ट बंद झाली. लोक आग्रह करायचे, विशेषतः ज्यांना त्या दिवशी हसल्याची लाज वाटत होती ते. पण जमादार म्हणायचे, "झालं ना आता. तुमी चित्रच पाह्यलं." ते उदास झाले नव्हते, फक्त विचारात पडल्यासारखे दिसत. बाजाराला जायचे आणि चक्क मीठ घेऊन यायचे. त्यानं काकूंना जास्त काळजी वाटू लागली.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला थोरल्या भावाकडं जायला निघालो. आदल्या दिवशी काकू भाकरी वाढता वाढता जमादारांना म्हणाल्या, "मास्तर मुंबईले जाऊन राह्यले. आपुन बी जाऊ."

"कायले?"

"तुमी जथून गेले ते मले पाहाचं हाय."

वाशीमपर्यंत दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, वाशीमहून अकोल्यापर्यंत मोटारीतून, तिथून आगगाडी. काकू पोहऱ्याच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या. पोहरा हे त्यांचं माहेर. जमादार वाटेत प्रत्येक गोष्ट दाखवायला बोट वर करायचे आणि काकू म्हणायच्या, "थांबा हो. मले पाहू द्या ना." मग ते बोट खाली करायचे. अकोल्याच्या फलाटावर त्या आगगाडीच्या इंजिनाकडं न पाहता एका बाईकडं बराच वेळ पाहत राहिल्या. ती बाई रुळाच्या पलीकडून कुणाला तरी खुणेनं काहीतरी सांगत होती. गाडी सुटल्यावर काकू म्हणाल्या, "त्या बाईची किल्ली घरी राह्यली." आम्हा दोघांपैकी कुणालाच ते कळलं नव्हतं. जमादारांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात कौतुकही होतं आणि थोडी हारही.

मुंबईत माझ्या वहिनीनं त्यांना राणीचा बाग, बाजार, महालक्ष्मी, सगळं सुचवलं. काकू म्हणाल्या, "पहिले ते." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोदीच्या फाटकाशी गेलो. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. जमादारांनी त्याला तऱ्हेतऱ्हेनं समजावलं, की मी इथूनच लढाईवर गेलो होतो. तो म्हणाला, पुष्कळ लोक गेले. मग आम्ही अपोलो बंदरावर आलो. तिथं पाण्याला दगडी कठडा आहे. ऊन कोवळं होतं. पाण्यात मोठी जहाजं नांगरून उभी होती आणि मचव्यांतून माणसं ये-जा करत होती. काकूंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो, पण त्या पाण्याकडं पाहून थक्क वगैरे झाल्या नाहीत. वावर पाहावं तसं त्यांनी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"जहाज कोन्या अंगानं गेलं?"

जमादारांनी हात लांब केला. "तथून निंगालं. हे टोक दिसते का? त्याले वळसा घातला. मंग बाहीर."

"दिवस होता का रात?"

"दिवस. सकाळच होती. असंच ऊन होतं."

"तवा अथी काठावर लोक होते?"

"लय होते. ज्याचे त्याचे घरचे आले होते. हात हालवत होते."

काकूंनी ते टोक पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. मग विचारलं, "वळसा घालताना मांगं पाह्यलं का तुमी?"

मला वाटलं ते काहीतरी गंमत करतील. उशीर झाल्यावर अंगठ्याचं कारण सांगणारा माणूस. पण त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि खाली पाण्याकडं पाहत राहिले. हळू म्हणाले, "नाई. मी पुढंच पाहत होतो." आणि मग, तितक्याच हळू, "माहं चुकलं."

काकूंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विजयही नव्हता. एखादी गाठ सैल झाल्यावर हाताला वाटतं तसं काहीतरी होतं. त्या म्हणाल्या, "मंग आता पाहा."

जमादार वळले. समुद्राकडं पाठ केली. समोर मुंबई पसरली होती, उंच इमारती, घोडागाड्या, ट्रामचा खणखणाट, त्यांना पाहायला आवडलं असतं असं सगळं. ते त्यातलं काही पाहत नव्हते. हिरव्या लुगड्यातली, वरातीतून आल्यासारखी ठसठशीत कुंकू लावलेली ती बाई त्यांच्यासमोर उभी होती आणि ते तिच्याकडं पाहत होते. पाहत राहिले. मी चार पावलं बाजूला झालो. एक मचवा आला, माणसं उतरली, दुसरी चढली, मचवा गेला, तरी ते पाहतच होते.

शेवटी काकूंनी पदर ओढून तोंड अर्धं झाकलं.

"पुरे झालं आता," त्या म्हणाल्या. "लोक पाहून राह्यले."